मुंबई–लंडन : वाट आणि वेळ



मुंबईहून लंडन किती लांब, असा प्रश्न शाळेतल्या मुलाला विचारला तर तो भूगोलाचे पुस्तक काढील. उतारूला विचारला तर तो घड्याळाकडे पाहील. आणि वैमानिकाला विचारला तर तो उलट आपल्यालाच विचारील, 'आज कोणकोणत्या देशांचे आकाश खुले आहे?' तिघांची उत्तरे वेगवेगळी येतील आणि तिन्ही खरी असतील. ह्या तीन उत्तरांचा मेळ कसा घालायचा, आणि गेल्या दोनशे वर्षांत ती कशी बदलत गेली, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम भूगोलाचे उत्तर पाहू. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि लंडन ह्यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तानाच्या आखातावरून, इराक-तुर्कस्तानच्या अंगाने जाते. पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल, त्यामुळे ही रेघ आपल्याला फसवते. त्याऐवजी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन्ही शहरांवर बोटे ठेवून दोरा ताणून धरावा. दोरा मुंबईहून वायव्येला निघतो, सौराष्ट्र व सिंध ओलांडून बलुचिस्तानात शिरतो, इराण आणि अफगाणिस्तान ह्यांच्या सरहद्दीवरील सीस्तानच्या वाळवंटावरून कास्पियन समुद्राकडे जातो. त्याचा बरोबर मध्य काकेशस भागात, जॉर्जिया आणि आर्मेनिया ह्यांच्या सीमेजवळ पडतो. पुढे काळा समुद्र, युक्रेन, मध्य युरोप असे करीत तो लंडनला पोहोचतो. ह्या दोऱ्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे ४,४८० मैलांच्या आसपास भरते. पृथ्वीच्या घेराचा हा पाचवा हिस्साही नव्हे.

हे अंतर शिवछत्रपतींच्या काळी होते तेवढेच आज आहे. बदलली ती वाट, आणि वाटेमागोमाग वेळ. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ह्याहून एक वेगळीच गोष्ट ह्या प्रवासात दिसते. माणसाला जायला किती वेळ लागतो, एवढ्यावर अंतराचे दुःख ठरत नाही. बातमी कळायला किती वेळ लागतो आणि ती कळल्यावर तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, ह्या दोहोंमध्ये जी फट असते तिच्यावर ते ठरते. कळणे आणि पोहोचणे ह्यांतली ही फट कशी पडली, कशी रुंदावली आणि विमानाने ती कशी लहान केली, हे पाहिले म्हणजे मुंबई-लंडनच्या वाटेचा खरा इतिहास हाती येतो.

आपल्याकडच्या माणसांना ही वाट फार जुन्या काळापासून तुडवावी लागली आहे. राघोबादादांचे वकील १७८१ साली इंग्लंडात होते. एडमंड बर्क ह्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्याची व स्वयंपाकाची सोय लावून दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या काळी मुख्य जलमार्ग म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाणारा. सागरी मैलांत मोजले तर मुंबई-लंडन हे अंतर त्या वाटेने सुमारे १०,७०० भरे. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीवर चालणार. चार महिने लागले तर नशीब म्हणायचे, सहा लागले तर तक्रार करायला जागा नाही.

१८३० साली ह्या वाटेत पहिला मोठा बदल झाला, आणि तो मुंबईतून झाला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि एडनवरून तांबड्या समुद्रातून सुमारे महिन्याभराने सुएझला पोहोचली. तिच्या प्रवासातले कित्येक दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यातच गेले होते. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. सुएझपर्यंत आगबोट, तेथून वाळवंट ओलांडून कैरो, नाईल नदीतून अलेक्झांड्रिया आणि तेथून पुन्हा आगबोट, अशा तुकड्यातुकड्यांनी गेले तर केपचा वळसा टळतो आणि महिन्यांचे आठवडे होतात. टॉमस वॅगहॉर्न ह्या खटपट्या माणसाने ह्या खुष्कीच्या वाटेने टपाल नेण्याचा ध्यास घेतला आणि १८३० नंतरच्या काळात ती वाट रुळवली.

ह्याच काळात साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले. १८३९ साली छत्रपतींना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले होते. रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले, कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून भांडले, अर्जांवर अर्ज केले. १८४७ च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह महाराज काशीला निवर्तले. ज्यांच्यासाठी भांडायचे ते धनीच राहिले नाहीत, ही बातमी काशीहून मुंबईला आणि मुंबईहून लंडनला पोहोचायला त्या काळच्या टपालाने महिन्याहून अधिक काळ लागणार. तेवढे दिवस हा निष्ठावंत माणूस मृत धन्याच्या वतीने जिवंतपणाची कैफियत मांडत होता, असेच म्हणावे लागते. १८५३ साली ते हात हलवीत परत आले.

ह्या प्रसंगातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रंगो बापूजींच्या काळी बातमी आणि माणूस एकाच बोटीने जात. बातमी महिन्याने यायची, पण माणूसही तेवढ्याच वेळात येऊ शकत असे. कळणे आणि पोहोचणे ह्यांत फट नव्हती. दुःख होते ते अज्ञानाचे; जाणूनही असहाय राहण्याचे दुःख अजून जन्माला यायचे होते.

ते जन्माला यायला पुढे वीस-बावीस वर्षे लागली. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडनची सागरी वाट १०,७०० वरून सुमारे ६,२०० सागरी मैलांवर आली. कालव्याचे कौतुक आपण सगळेच करतो. पण लगोलग पुढच्याच वर्षी, १८७० साली, समुद्राच्या तळातून टाकलेल्या तारायंत्राच्या तारेने मुंबई इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या पोर्थकर्नो ह्या खेड्याशी जोडली गेली. ह्या दुसऱ्या घटनेचे महत्त्व पहिलीपेक्षा तसूभरही कमी नाही. कालव्याने माणसाचा प्रवास तीन-चार आठवड्यांवर आणला. तारेने बातमीचा प्रवास मिनिटांवर आणला. बातमी आणि माणूस ह्यांची फारकत झाली ती येथे. विलायतेत शिकणाऱ्या मुलाला वडील अत्यवस्थ असल्याची तार त्याच दिवशी मिळे. आणि मुंबईच्या धक्क्यावर त्याचे पाऊल पडेपर्यंत तेराव्याचा दिवसही उलटून गेलेला असे.

पुढच्या साठ वर्षांत बोटींनी आपला वेळ पुष्कळ कमी केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांना घेऊन 'मोरिया' ही बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली, ८ जुलैला मार्सेल्सला त्यांनी समुद्रात उडी टाकली, आणि २२ जुलैला त्यांना मुंबईत उतरवण्यात आले. वाटेतला मार्सेल्सचा मुक्काम धरून हे तीन आठवडे झाले. महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी 'राजपुताना' बोटीने मुंबईहून निघाले आणि मार्सेल्सला उतरून, पुढे आगगाडीने आणि खाडी ओलांडून १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. हे दोन आठवडे झाले. बोटीची मजल बहुतेक येथवरच होती. तार मिनिटात आणि माणूस पंधरवड्यात, अशी ही फट तशीच राहिली.

आता विमानाकडे वळू.

लंडनहून हिंदुस्थानाकडे येणारी पहिली नियमित विमानसेवा इंपीरियल एअरवेज ह्या कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी सुरू केली. ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघे आणि कराचीला संपे. 'विमानसेवा' ह्या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे आज जे चित्र येते ते मात्र पुसून टाकले पाहिजे. क्रॉयडन ते बाझेल विमान. बाझेलहून जिनोआपर्यंत आगगाडी. जिनोआपासून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे उडते जहाज. अलेक्झांड्रिया ते कैरो पुन्हा आगगाडी. आणि कैरोहून गाझा, बगदाद, बसरा, बुशायर, जास्क अशी गावे घेत कराचीपर्यंत तीन इंजिनांचे दुसरे विमान. सगळे सुरळीत पार पडले तर सात दिवस. रात्री उड्डाण नसे. संध्याकाळ झाली की उतारू विश्रांतिगृहात मुक्काम करीत आणि पहाटे पुन्हा निघत. घोड्यांच्या टप्प्याच्या जुन्या डाकेचीच ही पंख फुटलेली आवृत्ती होती.

वैमानिकाला वाट कशी सापडे, हेही ऐकण्यासारखे आहे. कैरो ते बगदाद ही हवाई टपालाची वाट ब्रिटिश वायुदलाने १९२१ मध्येच सुरू केली होती. वाळवंटात ना झाड, ना नदी, ना रस्ता. तेव्हा वायुदलाने मोटारगाड्या घालून वाळवंटात चाकोरी उमटवली, आणि जिथे ती दिसेनाशी होई तिथे चक्क नांगर घालून लांबच लांब तास काढले. वैमानिक खाली पाहत त्या तासाच्या मागोमाग उडत. विसाव्या शतकातल्या यंत्राला वाट दाखवायला नांगराचा फाळ धावून आला होता.

ह्या वाटेत एवढी तोडमोड कशासाठी? पहिले कारण यंत्राचे. त्या काळची विमाने एका दमात काहीशे मैलांपलीकडे जात नसत आणि आल्प्ससारखे पर्वत ओलांडणे त्यांच्या जिवावरचे होते. दुसरे कारण सत्तेचे, आणि ते आजच्या विषयाच्या गाभ्याचे आहे. १९१९ च्या पॅरिस कराराने असे ठरले होते की, प्रत्येक राष्ट्राच्या भूमीवरचे आकाश हे त्या राष्ट्राच्या मालकीचे. समुद्र सर्वांचा, आकाश मात्र खालच्या धन्याचे. युरोपात परवानग्यांचे त्रांगडे इतके होते की, पुढे कित्येक वर्षे लंडनहून निघालेले उतारू पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा आगगाडीनेच काटीत. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जाऊ दिले तेही ठरावीक मुदतीपुरतेच. मुदत संपताच, १९३२ साली, सगळी वाट उचलून आखाताच्या पलीकडच्या अरब किनाऱ्यावर न्यावी लागली आणि शारजासारख्या त्या वेळच्या लहानशा गावी उतारूंसाठी गढीवजा विश्रांतिगृह बांधण्यात आले. आज त्या किनाऱ्यावर जगातली मोठमोठी विमानतळे उभी आहेत. त्यांच्या भाग्याची सुरुवात इराणच्या नकारात झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

ही सेवा कराचीला थांबत होती. मुंबईचे काय? कराचीला उतरलेली डाक तेथून आगगाडीने फिरून येई. ही उणीव भरून काढली ती टाटांच्या विमानसेवेने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एक इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन निघाले. बरोबर ५५ पौंड टपाल. अहमदाबादला ते उतरले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात भरण्यात आले. दुपारी ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट तेथून बल्लारी मार्गे मद्रासला टपाल घेऊन गेले. सरकारने ह्या सेवेला अनुदान दिले नव्हते.

जुहूचे ते मैदान समुद्राच्या भरतीच्या पातळीखालचे. पावसाळा लागला की तेथे चिखलाचे तळे होई आणि विमान उतरवणे अशक्य. मग चार महिने ही विमानसेवा आपला मुक्काम पुण्याला हलवी आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर विमाने उतरत. म्हणजे एका काळी पावसाळ्यात लंडनची हवाई डाक मुंबईच्या आधी पुण्याला येत होती! मुंबई-लंडनच्या वाटेवर पुण्याचे नाव एवढ्या चिखलाच्या कृपेने लागलेले आहे.

ह्या साऱ्या खटाटोपाने काय साधले? माणसाच्या दृष्टीने फारसे नाही. विमानाचे भाडे राजेरजवाड्यांना आणि बड्या अंमलदारांनाच परवडे. पण पत्र मात्र पंधरवड्याऐवजी आठवड्यात येऊ लागले. तार संक्षिप्त असते, दर शब्दाला पैसे मोजायचे असतात; तीत निरोप मावतो, मन मावत नाही. ज्यात मन मावते ते पत्र आता तारेच्या थोडे जवळ सरकले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा विमानविद्या पार बदलून गेली होती. चार इंजिनांची, हजारो मैल पल्ल्याची विमाने आणि युद्धासाठी बांधलेल्या लांब, पक्क्या धावपट्ट्या आता मुलकी कामाला मिळाल्या. लंडनचे हीथ्रो १९४६ मध्ये खुले झाले. मुंबईत जुहूची जागा सांताक्रूझने घेतली. १९४४ च्या शिकागो करारात आकाशावरील राष्ट्रांच्या मालकीचे तत्त्व पुन्हा कायम झाले, आणि स्वतंत्र भारताला ह्या तत्त्वाचा पहिला मोठा लाभ झाला. आपल्या आकाशातून दुसऱ्यांना जाऊ देण्याच्या बदल्यात आपल्या विमानांसाठी त्यांचे आकाश मागता येऊ लागले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून निघाले. कॅप्टन होते के. आर. गझदर. कैरो आणि जिनीव्हा येथे थांबून, सुमारे पाच हजार मैलांची वाट तोडून, एका अहोरात्रीच्या आसपास ते लंडनला पोहोचले. भाडे होते १,७२० रुपये. १९२९ साली सात दिवस, १९४८ साली एक दिवस. एकोणीस वर्षांत एवढी झेप ह्या वाटेने आधीही कधी घेतली नव्हती आणि नंतरही घेतलेली नाही. गांधीजींना लागलेले दोन आठवडे ध्यानात आणले, तर त्यांच्या निधनानंतर पाचच महिन्यांत तेच अंतर एका दिवसावर आले, हे लक्षात येईल.

परंतु ह्या झेपेची किंमतही ह्याच वाटेने वसूल केली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' जिनीव्हाला उतरण्याच्या बेतात असता मों ब्लां पर्वतावर आदळले आणि आतले ४८ जण मृत्युमुखी पडले. उतारूंपैकी बहुतेक सगळे भारतीय खलाशी होते. इंग्लंडच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर नोकरीला रुजू व्हायला ते चालले होते. ज्यांच्या बापजाद्यांनी शिडाच्या जहाजांवर आणि आगबोटींच्या भट्ट्यांपुढे आयुष्ये काढली, ते दर्यावर्दी लोक आता जहाज गाठण्यासाठी विमानाने जात होते, आणि समुद्रापासून दूर, बर्फाच्या शिखरावर त्यांना मरण आले. विमानप्रवासाच्या इतिहासात राजेरजवाडे आणि उद्योगपती ह्यांची नावे ठळक अक्षरांत येतात. ह्या खलाशांची येत नाहीत. म्हणून आज त्यांचा मुद्दाम उल्लेख केला.

दैवाचा खेळ असा की, पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचेच 'कांचनजंगा' हे बोइंग विमान त्याच पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. विमान नेमके कोठे आहे ह्याविषयी वैमानिक आणि जमिनीवरचा नियंत्रक ह्यांच्यात गैरसमज झाला, आणि पर्वत मागे पडला आहे अशा समजुतीने विमान खाली येऊ लागले. आज आपण निर्धास्तपणे खुर्चीला पाठ टेकतो, त्या निर्धास्तपणाच्या पायात अशा अनेक अपघातांच्या चौकशा आहेत. ब्रिटनचे 'कॉमेट' हे पहिले जेट उतारूविमान १९५२ मध्ये सेवेत आले आणि १९५४ मध्ये अशी दोन विमाने भूमध्य समुद्राच्या परिसरात हवेतच फुटली. तेव्हा कुठे कळले की, पुन्हा पुन्हा ताण पडल्याने धातूही थकतो. तो धडा घेऊनच पुढची जेट विमाने बांधली गेली.

एअर इंडियाने १९६० मध्ये लंडनच्या वाटेवर बोइंग ७०७ आणले. कॉन्स्टेलेशन ताशी सुमारे ३०० मैल जाई. बोइंग जवळजवळ त्याच्या दुप्पट. १९७१ मध्ये 'एम्परर अशोक' हे प्रचंड बोइंग ७४७ आले. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ७०७ च्या आगमनानंतर विमानाचा वेग जवळपास वाढलेलाच नाही. तरीही प्रवासाचा वेळ कमी होत गेला, तो मधले थांबे गळत गेल्यामुळे. कैरो गेले, बैरुत गेले, जिनीव्हा गेले. विमाने अधिक इंधन नेऊ लागली आणि थोड्या इंधनात अधिक दूर जाऊ लागली. आज मुंबईहून निघालेले विमान कोठेही न थांबता साधारण साडेनऊ-दहा तासांत लंडनला टेकते.

हे जाण्याचे झाले. येताना बहुधा अर्धा-पाऊण तास कमी लागतो, हिवाळ्यात त्याहूनही अधिक फरक पडतो. अंतर तेच असता असे का? सात ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जबरदस्त झोत वाहत असतो; त्याचा वेग ताशी दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हा झोत ओळखला आणि आपले निष्कर्ष जगाला कळावेत म्हणून एस्परांटो ह्या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केले. परिणामी ते कोणीच वाचले नाहीत! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक जपानवर ह्याच झोतात सापडले तेव्हा सगळे जागे झाले. पूर्वेकडे येणारे विमान ह्या वाऱ्याच्या पाठीवर बसते. पश्चिमेकडे जाणारे त्याच्याशी झुंजत जाते.

आणि घड्याळाची गंमत वेगळीच. भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे हिवाळ्यात लंडनला जाणाऱ्याला प्रवासात दहा तास लागले तरी भिंतीवरच्या घड्याळांप्रमाणे साडेचार तासच गेलेले दिसतात. आणि परत येताना ती सारी उधारी व्याजासकट फेडावी लागते. मुंबईने तर १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही आपली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकले असेल.

येथवरची हकीगत ऐकून कोणी म्हणेल की, अंतर सतत कमीच होत आले आहे आणि पुढेही होत जाईल. इतिहास एवढे आश्वासन देत नाही. आकाश हे खालच्या धन्याचे, हा १९१९ चा नियम आजही चालू आहे. १९७१ च्या प्रारंभी 'गंगा' ह्या भारतीय विमानाचे अपहरण झाल्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली, आणि कराचीहून ढाक्याला जाणाऱ्या विमानांना सिंहलद्वीपाला वळसा घालावा लागला. वाट दुपटीच्या घरात गेली. एका देशाचे दोन भाग एकमेकांपासून किती दूर आहेत, हे त्या वर्षी नकाशापेक्षा ह्या वळशाने अधिक स्पष्ट केले. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपले आकाश बंद ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध भडकताच युक्रेनचे आकाश बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला. आपण सुरुवातीला पृथ्वीगोलावर ताणलेला दोरा आठवा : सिंध, बलुचिस्तान, युक्रेन. तो नेमका ह्याच देशांवरून जातो. म्हणजे सर्वांत जवळची वाट आकाशात आखलेली आहे, आणि विमानाला ती सोडून दक्षिणेचा वळसा घ्यावा लागतो. इराणच्या एका नकाराने १९३२ मध्ये जे घडले त्याहून हे निराळे नाही.

सर्वांत मोठा धडा मात्र २०२० सालाने दिला. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षीच्या मार्चच्या चौथ्या आठवड्यात भारताने आंतरराष्ट्रीय उतारू विमाने थांबवली. अडकलेल्यांना आणणारी सरकारी उड्डाणे मे महिन्यात सुरू झाली. त्या मधल्या आठवड्यांत यंत्रे तीच होती, धावपट्ट्या त्याच होत्या, दहा तासांची वाट तीच होती. पण ती चालता येत नव्हती. दूरध्वनीच्या पडद्यावर आईचा चेहरा दिसत होता, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मुलाला येता येत नव्हते. १८७० साली तारेने जी फट पाडली आणि विमानाने पंधरवड्यावरून एका रात्रीवर आणली, ती एका दिवसात पुन्हा महिन्यांची झाली. कळणे क्षणात आणि पोहोचणे अशक्य, ही अवस्था रंगो बापूजींच्याही वाट्याला आली नव्हती.

आज महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांतली मुले लंडनमध्ये आणि त्याच्याही पलीकडे राहतात, आणि त्यांचे आईबाप येथे आपल्या शेजारच्या घरांत राहतात. ह्या घरांच्या दृष्टीने मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटर नसते. मध्यरात्री फोन आला तर मुलगा किती वाजता दारात उभा राहील, एवढाच त्यांचा हिशेब असतो. तो हिशेब आज 'उद्या संध्याकाळपर्यंत' असा देता येतो, ह्यामागे नांगराने काढलेले वाळवंटातले तास आहेत, अहमदाबादची बैलगाडी आहे, येरवड्याचे मैदान आहे, मों ब्लांवर गेलेले खलाशी आहेत, आणि अनेक राष्ट्रांनी एकमेकांना दिलेल्या परवानग्या आहेत. ह्यांतली यंत्रे आता सहसा दगा देत नाहीत. परवानग्या मात्र माणसांच्या हातच्या आहेत, आणि राष्ट्राराष्ट्रांतला सलोखा बिघडला की त्याचा पहिला भुर्दंड अशाच एखाद्या दाराशी वाट पाहणाऱ्याला बसतो. जगाच्या राजकारणाशी आपला काय संबंध, असे म्हणण्याची सोय म्हणूनच आपल्यापैकी कोणालाही उरलेली नाही.